चौथ्या राउंडला कंबर का बसते?

महाराष्ट्र पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. मुलाने 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत संपवलं की वीसपैकी वीस. त्यापुढे गुण उतरत जातात आणि मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचा प्रश्नच उरत नाही. सोयाबीन-कपाशीच्या कोरडवाहू शेतीवर जिथे दोन भावांचं भागत नाही, तिथे एका अंगावर वर्दी चढणं म्हणजे सगळ्या घराला आधार. जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं, बुलढाणा तालुक्यातलं धाड याला अपवाद नाही.

ज्यांचं बोलणं पुढे देतो आहे ती दोघं मामा-भाची. मामा फौजेतून निवृत्त. पहाटे पोरापोरींना पळवतात, पैसे घेत नाहीत. भाची छत्रपती संभाजीनगरला फिजिओथेरपिस्ट आहे. भरती पायांनी आणि छातीने जिंकायची, असं मामांचं ठाम मत. पाय आणि छाती यांच्या मधला भाग आपल्याकडे कुणी नीट कमावतच नाही, हे भाचीचं म्हणणं; त्यासाठी ती पिलाटेसचे व्यायाम सुचवते. मी शेजारी बसून ऐकत होतो. बोलणं थोडं आटोपशीर केलं आहे, आणि जिथे राहवलं नाही तिथे माझं मतही घातलं आहे.

मामा : हे पिलाटेस म्हणजे पुण्या-मुंबईच्या बायकांचं काम. चकचकीत हॉल, स्प्रिंगांचं मशीन, महिन्याची फी. माझ्या पोरांच्या पायात धड बूट नाहीत, त्यांना काय करायचंय ते?

भाची : मशीन राहू द्या मामा, घरातली सतरंजी पुरते. आणि बायकांचं म्हणाल तर ते काढलं एका बॉक्सरनं. जोसेफ पिलाटेस, 1883 चा जन्म, जर्मनीतला. लहानपणी दमा आणि मुडदुसानं खंगलेला पोरगा. व्यायामानं सुधारला, पुढं इंग्लंडला गेला. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा शत्रूच्या देशाचा माणूस म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं. तिथं तो बाकीच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. 1926 च्या सुमारास न्यूयॉर्कला पोचला, व्यायामशाळा काढली. नर्तक-नर्तकी त्याच्याकडे दुखावलेलं अंग सावरायला यायला लागल्या, म्हणून ते नाव शहरी झालं. त्याच्या 1945 च्या पुस्तकात 34 व्यायाम आहेत, सगळे जमिनीवरचे.

मामा : छावणीत पोरं घडवली असतील तर ऐकतो. पण जमिनीवर लोळून कुणी 1600 मारलंय का?

भाची : नाही. पिलाटेसनं दम वाढत नाही, म्हणजे तुमच्या कामाइतका तर नाहीच. दम वाढवायचा तर हृदय जोरात चालावं लागतं, त्याला धावणंच पाहिजे. पण तुमच्या धावण्यातही मला बदल हवाय.

मामा : आता त्यात काय खोट? रोज पहाटे 1600 ची ट्रायल, घड्याळ लावून. मागं पडला त्याला आणखी एक राउंड.

भाची : म्हणजे रोज परीक्षा. मग अभ्यास कधी? हिशेब बघा. 5 मिनिटं 10 सेकंद म्हणजे 400 मीटरचा एकेक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. तुमचा पोरगा पहिला राउंड सत्तरमध्ये मारतो, दुसऱ्याला ऐंशी लागतात, तिसऱ्याला अठ्ठ्याऐंशी, चौथ्याला पंचाण्णव. ज्या वेगानं त्याला पूर्ण गुण घ्यायचेत, त्या वेगानं तो एकही राउंड धावत नाही. आणि असं रोज. त्याऐवजी इंटरव्हल घ्या. त्यात अंतर तोडून घ्यायचं. ठरलेल्या वेगानं एक राउंड, मग दोन मिनिटं चालणं किंवा हळू जॉगिंग, मग पुन्हा तोच राउंड, त्याच वेळेत. असे पाच-सहा. ज्याला आज 5:50 लागतात, त्यानं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीवर सुरू करायचं. साडेसत्त्याहत्तरचा हट्ट त्यानं पहिल्या महिन्यात धरायचा नाही.

मामा : मधी थांबून आराम केल्यावर दम कसा वाढंल?

भाची : थांबल्यामुळंच जोरात धावता येतं, आणि जोरात धावल्यामुळं वाढतो. जपानमध्ये इझुमी टाबाटा नावाच्या संशोधकानं 1996 साली याचा अभ्यास छापला. शारीरिक शिक्षणाची तरुण पोरं, दोन गट, सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस. एका गटानं तासभर मध्यम गतीनं सायकल मारली. दुसऱ्या गटानं 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा. दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढली. पण छोट्या, तीव्र जोराची क्षमता दुसऱ्याच गटात वाढली, 28 टक्क्यांनी. तुमच्या 1600 ला दोन्ही लागतात.

मोबाइलवर ‘टाबाटा’ म्हणून जे चार मिनिटांचे व्हिडिओ फिरतात, त्यांचा या प्रयोगाशी संबंध फक्त घड्याळापुरता आहे. टाबाटांच्या गटातला जोर इतका होता की सातव्या-आठव्या फेरीला सायकल मारणं अशक्य व्हावं. आणि ती पोरं आधीपासून तयार होती. घरात उड्या मारून दमणं वेगळं, आणि तो प्रयोग वेगळा.

मामा : इंटरव्हल मला नवीन नाही सांगू. धावपटू झाटोपेक फौजीच होता. 1952 ला हेलसिंकीत पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्ण एकट्यानं नेली. त्याच ऑलिंपिकात आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य आणलं. झाटोपेक दिवसाला चाळीस-चाळीस वेळा 400 मारायचा म्हणतात.

भाची : मग तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय.

मामा : अर्ध्यापर्यंत. त्याचा फोटो बघ. मान एकीकडं, तोंड वाकडं, खांदे आखडलेले. त्याला कुठं पिलाटेस होतं? तरी तिन्ही सुवर्ण!

भाची : फोटोत कमरेखाली बघा मामा. पाय सरळ रेषेत पडतात. सगळी ओढाताण खांद्याच्या वर. आणि त्यानं अनेक वर्षं घातली होती त्या धावण्यात. तुमच्या पोराकडं भरतीची जाहिरात निघाल्यापासून किती महिने असतात?

मामा गप्प बसले नाहीत, पण विषय बदलला. मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. मग वर्षभर ढिलाई आणि शेवटच्या आठ-दहा आठवड्यांत मारामारी, हे गावोगाव दिसतं. हाडाला, स्नायूबंधाला इतक्या घाईत बदलता येत नाही. दम आठवड्यांत वाढतो, हाड महिन्यांत. नडग्या त्या फटीतच दुखायला लागतात.

मामा : बरं, मधला भाग कमवायचा ना? मग आपले जोर-बैठका काय कमी आहेत? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला त्यांची पोरं आपले देशी खेळ दाखवून आली. सगळं सोडून जर्मन माणसाचं कशाला घ्यायचं?

भाची : सोडून नाही. जोर राहू द्या, बैठका राहू द्या, सूर्यनमस्कार तर हवेतच. जोरात छाती, खांदे, पाठ सगळं येतं. पण बैठकीत दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात. धावताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर कधी असतात का? प्रत्येक पावलाला सगळं अंग एका पायावर येतं. तेव्हा कमरेच्या बाजूचा, कुल्ह्याचा स्नायू दुसरी बाजू उचलून धरतो. तो थकला की दुसरी बाजू खाली पडते, गुडघा आत वळतो, पाऊल अंगाच्या फार पुढं पडतं आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. चौथ्या राउंडला तुम्ही ओरडता, ‘कंबर बसली, उचल!’ ती ओरडून उचलत नाही. त्या स्नायूला काम कुणी शिकवलेलंच नसतं.

मामा : ते कसं शिकवायचं?

भाची : आत्ता करून बघा. एका पायावर उभे राहा, हात कमरेवर. आता हळूच गुडघा वाकवा, अर्ध्या खुर्चीइतका. तुमच्या पोरांना आरशासमोर हे करायला लावा. दहातल्या कितीजणांचा गुडघा अंगठ्याच्या आत जातो ते मोजा. मग कुशीवर झोपवा. खालचा हात डोक्याखाली, दोन्ही पाय थोडे पुढं. वरचा पाय कमरेइतका उचलून पुढं-मागं न्यायचा, पण कमर आणि छाती हलता कामा नये. पाय हलवणं सोपं, बाकीचं अंग थांबवून धरणं अवघड. पिलाटेसचं सगळं मर्म तिथं आहे. मग पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची, आणि उचललेलीच ठेवून एक पाय जमिनीवरून सोडायचा. आपलं सेतुबंधासन, पण एका पायाचं. पालथं झोपून उलटा हात-उलटा पाय उचलायचा. आणि ‘हंड्रेड’: पाठीवर, डोकं-खांदे वर, पाय वर, हात शंभर वेळा खालीवर, पाच ठोक्यांना श्वास आत, पाच ठोक्यांना बाहेर. म्हणजे दहा श्वासांत शंभर. पोट ताणलेलं असताना श्वास चालू ठेवायचा. तिसऱ्या राउंडला पोरांचं नेमकं हेच बिघडतं.

मामा : आणि गोळ्याला?

भाची : मुलांचा गोळा 7.26 किलोचा. नुसत्या दंडानं साडेआठ मीटर जात नाही. जोर पायातून निघतो, कंबरेतून वळतो, खांद्यातून सुटतो. मधे कंबर ढिली असली तर पायाचा जोर तिथंच संपतो. फौजेच्या भरतीत नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स असतो ना? त्या बारक्या पट्टीवर पोरं पडतात ती ताकद कमी म्हणून नाही, ताबा कमी म्हणून. आणि लांब कशाला जाता? आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड धनुष्यबाणात जगातल्या पहिल्या नंबरच्या माणसाला हरवून सुवर्ण घेतलं. धनुष्य ओढून अंग दगडासारखं थांबवणं, ही ताब्याचीच परीक्षा.

जावकरचं नाव निघालं तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने कंपाउंडचं सुवर्ण जिंकलं, त्यातही तो होता. जिल्ह्याला अशी नावं लागतात.

मामा : ठीक. आता मी विचारतो. पिलाटेस केल्यानं धावणाऱ्याच्या नडग्या वाचतात, हे कुणी सिद्ध केलंय का? तू आकडे सांगणारी आहेस, म्हणून विचारतो.

भाची : तितकं पक्कं कुणीच दाखवलेलं नाही. कंबरदुखीवर दाखवलंय. 2015 साली कॉक्रेन संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासले. काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस बरं, असं निघालं. पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे, हे त्यात ठरलं नाही. मांडीच्या मागच्या स्नायूचं म्हणाल तर पुरावा वेगळ्याच व्यायामाचा भक्कम आहे. गुडघ्यावर बसायचं, मागून कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं. खेळाडूंमध्ये त्यानं मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात. तो मी घालणारच आहे.

मामा : मग ते पिलाटेस कुठं राहिलं?

भाची : मला नावाशी देणंघेणं नाही मामा. हळू, ताब्यात, श्वास धरून न ठेवता केलेला व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा हवा. त्याची एक बसवलेली पद्धत तयार आहे, फुकट आहे, जागा लागत नाही. म्हणून मी तिचं नाव घेते.

हे उत्तर मला पटलं, आणि या संवादातला प्रामाणिकपणा त्यातच आहे असं वाटतं. शहरातल्या जाहिराती इंटरव्हल आणि पिलाटेस हे दोन्ही प्रकार एका तासात कोंबून ‘चरबी जाळा, पोट सपाट करा’ म्हणतात. पंचेचाळीस मिनिटं घामाघूम होऊन मग थरथरत्या अंगाने ताब्याचे व्यायाम केले तर ताबा शिकला जात नाही; चुकीची हालचाल पक्की होते. दोन्ही प्रकार एकमेकांना मदत करतात ते वेगवेगळ्या दिवशी, किंवा आधी ताबा आणि मग वेग, या क्रमाने. मामा-भाचीचा खरा वाद शेवटी या वेळापत्रकावर झाला.

भाची : आठवड्यात दोनच दिवस इंटरव्हल. मंगळवार आणि शुक्रवार धरा. त्या दिवशी आधी दहा मिनिटं जॉगिंग, दहा मिनिटं सतरंजीवरचे चार व्यायाम, मग राउंड. सोमवार आणि गुरुवार संध्याकाळी अर्धा तास फक्त पिलाटेस, जोर-बैठका आणि गोळा. बुधवार, शनिवार हळू धावणं, शेजाऱ्याशी बोलता येईल इतकं हळू. रविवारी पूर्ण आराम.

मामा : दोनच दिवस? भरतीला आलेली पोरं हजारोंनी असतात. दुसरी पोरं रोज मारतायत अन् माझी सतरंजीवर?

भाची : दुसऱ्यांच्या पोरांतली निम्मी चाचणीच्या दिवशी लंगडत असतात, हे तुम्हीच मला सांगितलंय.

मामा : सांगितलंय खरं. पण ट्रायल बंद नाही करणार. पोरांना घड्याळाची भीती मोडावी लागते. मैदानात पहिल्यांदा बिल्ला लावून उभं राहिलं की पाय कापतात. ते सतरंजीवर शिकता येत नाही.

भाची : मग पंधरा दिवसांतून एकदा. त्या आठवड्यात एक इंटरव्हल कमी.

मामा : कबूल. आणि पोरींचं?

भाची : पोरींचं तर आधी बोलायला हवं होतं. अंधारात रस्त्यावर धावायला घरचे सोडत नाहीत, त्यामुळं त्यांना सराव निम्माच मिळतो. ताब्याचे व्यायाम दार लावून खोलीत होतात, म्हणजे त्यांचे ते दिवस तरी पूर्ण पदरात पडतात. पण त्यांना आधी रक्त तपासायला लावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन कमी असताना इंटरव्हल म्हणजे नुसता छळ, वेळ सुधारत नाही आणि पोरगी स्वतःलाच दोष देते. आणि पाळी दोन-तीन महिने थांबली तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून सोडू नका. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाल्याची ती खूण असते, हाडं तिथून ठिसूळ व्हायला लागतात.

मामा : हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पोरींना हे विचारू कसं?

भाची : तुम्ही विचारू नका. आशाताईंना बोलवा, महिन्यातून एक दिवस.

मामा : तेही करू. एक गोष्ट मात्र मी तुला सांगतो. दोन हजार चोवीसला झारखंडात उत्पादन शुल्काच्या भरतीत दहा किलोमीटर पळवलं, तिथं दहाहून जास्त पोरं मेली. तेव्हापासून मी कडक उन्हात कुणाला पळवत नाही. तुझं ते जीव तोडून धावणं, छातीत कुणाच्या काही असलं तर?

भाची : म्हणून पहिले चार आठवडे जीव तोडायचा नाही. हळू धावणं आणि ताबा, एवढंच. ज्याला धावताना चक्कर येते, छातीत दुखतं, ज्याच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, त्यानं डॉक्टरला दाखवल्याशिवाय एकही इंटरव्हल मारायचा नाही. ताप असताना तर अजिबात नाही.

मामा : म्हणजे तुझं पिलाटेस पहिल्या महिन्यातच जास्त?

भाची : हो. भरती नसलेल्या काळात तेच जास्त. जाहिरात आली की वेग वाढवायचा, ताबा कमी करायचा, पण बंद नाही करायचा.

मामांनी सतरंजी आणायला लावली. कुशीवरचा तो पायाचा व्यायाम त्यांनी स्वतः करून पाहिला आणि दहाव्या वेळेला त्यांची कंबर मागे कलंडली, तेव्हा त्यांनी काहीही न बोलता कूस बदलली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू केलं.

मी मामांच्या बाजूने इतकंच म्हणेन की घड्याळासमोर उभं राहण्याची सवय आणि रोज पहाटे उठण्याची शिस्त दुसऱ्या कशानेही येत नाही, आणि ती देणारी माणसं गावात आहेत म्हणून ही पोरं मैदानापर्यंत पोचतात. पण पद्धतीत माझा कौल भाचीला आहे. वेगाचे दिवस दोन, ताब्याचे दिवस दोन, आणि जाहिरात निघायच्या कितीतरी आधी सुरुवात.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. एखाद्या मुलाची किंवा मुलीची नडगी बोटाने दाबल्यावर एकाच जागी टोचून दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर त्याच दिवशी धावणं थांबवा, सतरंजीवरचं काम चालू ठेवा आणि हाडाच्या डॉक्टरकडे पाठवा. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच मैदानात सोडू नका. हाडातली अशी बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही.